नववा बोल्ट

अशा गोष्टी रात्रीच घडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल.

ही दुपारी घडली. मंगळवार होता. सव्वातीन वाजले होते. ऊन इतकं, की शेडचा पत्रा तडतडत होता.

आणि ही घडलेली आहे. ज्याच्यावर गुदरली तो माणूस हिंडता-फिरता आहे, चहापलीकडे कशाला शिवत नाही, भोळाभाबडा तर मुळीच नाही. धंद्यात तो एकदाच खोटं बोलला.

त्या एका खोट्याचीच ही गोष्ट.

*

त्याला सगळे टिंब मिस्त्री म्हणतात.

डिझेल इंजिनं खोलायची, धुवायची, पुन्हा बांधायची, हे त्याचं काम. तीस वर्षं तेच. शेड नदीकाठी, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. इंजिन खोललं की तो एकेक भाग रॉकेलमध्ये धुतो, टेबलावर मांडतो आणि निवाडा करतो. हा ठेवायचा. हा बदलायचा. जुनाच भाग परत वापरायचा असेल तर त्यावर पंच टेकवून हातोडीचा एक टोला.

एक बारीक टिंब उमटतं. मोहरीएवढंसुद्धा नाही.

म्हणजे पुढे कधी कुणी ते इंजिन उघडलं तर त्याला कळावं, हा भाग नवा नाही. पाहून, तपासून ठेवलेला आहे.

"आपल्याकडे लपवाछपवी नाही," तो गिऱ्हाइकाला सांगायचा. "टिंब आहे तिथे जुनं. टिंब नाही तिथे नवं."

त्याचा थोरला भाऊ त्याला चिडवायचा. "धाकट्या, मी म्हातारा झालो की माझ्याही टाळक्यावर एक टिंब मार. जुना आहे, पण चालतोय."

दादा म्हातारा झालाच नाही.

*

आणखी एक सांगायला हवं.

इंजिनांच्या आवाजात जन्म गेल्यावर मिस्त्रीचा डावा कान गेला. पार गेला. त्या कानाशी थाळी बडवली तरी त्याला पत्ता लागत नाही. आजारी इंजिनाला तो लाकडी दांडा लावतो आणि दांड्याचं दुसरं टोक उजव्या कानाला.

हे लक्षात ठेवा. डावा कान मेलेला.

*

त्या नदीवर पूर्वी पूल होता. तो पडला. मधला एक खांब तेवढा राहिला, बोळक्या तोंडात एकच दात उरावा तसा. तेव्हापासून पलीकडे जायचं तर लाँचनं. शाळा पलीकडे, दवाखाना पलीकडे.

लाँच दादाची. वर सुकाणूवर वहिनी, खाली इंजिनापाशी दादा. वीस वर्षं दोघांचा संसार असाच चालला.

"घरीसुद्धा हुकूम वरूनच येतात," दादा म्हणायचा.

"आणि घरीसुद्धा खालून नुसता धूर," वहिनी म्हणायच्या.

इंजिनाच्या धडधडीत बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून खालून वर जाणाऱ्या लोखंडी पाइपवर दादा पान्यानं ठोकायचा.

एक ठोका. चल.

दोन ठोके. थांब.

तीन ठोके. मागे घे.

दीड वर्षापूर्वी, नदी भरून वाहत असताना, सकाळी इंजिनात काहीतरी फुटलं. लाँच प्रवाहात आडवी झाली आणि खांबावर आदळली. वरची अकरा माणसं वाचली. वहिनी वाचल्या.

खाली असलेला दादा लाँचबरोबर गेला.

बाराव्या दिवशी लाँच वर काढली. दादा इंजिनापाशीच होता.

कुणी म्हणालं, नशीब. कुणी म्हणालं, जुनं इंजिन, कधी ना कधी दगा देणारच.

ते इंजिन मिस्त्रीनंच बांधलं होतं. चार महिने आधी.

*

मग एक दिवस वहिनी शेडच्या दारात उभ्या राहिल्या. पायात दादाच्या चपला. त्या अलीकडे त्याच घालायच्या.

"भावजी, लाँचचा तळ सुतारानं नीट करून दिलाय. इंजिन बांधा."

मिस्त्रीनं हातातली चिंधी दोनदा घडी केली. "वहिनी, ते इंजिन आता भंगार आहे. आणि बांधायचंच असेल तर... दुसऱ्या कुणाला द्या."

"का? घरात मिस्त्री मेला का?"

त्या बोलून गेल्या आणि पायातल्या चपलांकडे बघू लागल्या.

"लाँच मी चालवणार आहे," वहिनी हळू म्हणाल्या. "लोक दवाखान्यात जायला नऊ कोसांचा वळसा घेतात. मला घरात बसून भिंती मोजवत नाहीत. तुम्ही बांधलेलं असेल तरच मी नदीत घालीन. नाहीतर नाही."

झालं. याला नाही कसं म्हणायचं?

*

शेडच्या भिंतीला एक काळी पाटी आहे. त्यावर मिस्त्रीनं खडूनं लिहिलं...

*ठेवायचं:* हेड. फ्लायव्हील. क्रँक (घासून). रॉड तीन.

*बदलायचं:* ब्लॉक. लाइनर, पिस्टन, रिंगा. बेअरिंगं. रॉड एक. रॉडचे बोल्ट, ८.

*विचार करायचा:* ऑइल पंप.

त्या आठ बोल्टांबद्दल दोन शब्द.

इंजिनात चार पिस्टन. प्रत्येक पिस्टनला एक रॉड. तो रॉड खाली क्रँकला, म्हणजे फिरत्या दांड्याला, धरून ठेवतात दोन बोल्ट. म्हणजे आठ. बोटाएवढी वस्तू. पण आवळला की हा बोल्ट केसभर लांबतो. तोच पुन्हा वापरला की आणखी केसभर. असं करत करत...

एक दिवस तो तुटतो. मग सुटलेला रॉड आतून ब्लॉकची, म्हणजे इंजिनाच्या लोखंडी पेटीची, कूस फोडून बाहेर येतो.

म्हणून इंजिन उघडलं की हे आठही नवे. यात निवाडा नाही, विचार नाही. या धंद्यात हे पहिल्या महिन्यात शिकवतात.

*

पार्टवाल्याच्या दुकानात मिस्त्री त्या दिवशी दीड तास उभा होता.

ब्लॉक त्यानं आधीच मिळवला होता, दुसऱ्या एका इंजिनाचा, बिनचिरेचा. नवा रॉड जुन्या तिघांच्या वजनाचा मिळावा म्हणून त्यानं पाच रॉड तराजूत घातले, तेव्हा पाचवा जुळला. बेअरिंगं खोक्यातून काढून नखानं पाहिली. मग बोल्ट. एकेक बोल्ट उजेडात धरला. आटे पाहिले. व्हर्निअर लावून लांबी मोजली. परत मोजली.

"काय रे टिंब," पार्टवाला म्हणाला, "बोल्ट घेतोयस का मुलीसाठी स्थळ बघतोयस?"

"आठ दे. आठही एका डब्यातले."

"पत्रिका पण जुळवू का?"

मिस्त्री हसला नाही. पार्टवाल्यानंही मग चेष्टा आवरली. त्यालाही दादा ठाऊक होता.

आठ बोल्ट तेलकट कागदात गुंडाळले गेले. पार्टवाल्यानं मोजले. मिस्त्रीनं मोजले. आठ.

*

तो मंगळवार.

सकाळी मिस्त्रीनं टेबलावर स्वच्छ पांढरं फडकं अंथरलं आणि सगळा माल मांडला. बोल्ट शेवटी. कागद उलगडला.

कागद ओला होता.

तेलानं नव्हे... पाण्यानं.

त्याला वाटलं, घामाचा हात लागला असेल. बोल्ट पुसून त्यानं एका ओळीत उभे केले. सैनिकांसारखे. आणि सवयीनं मोजले.

नऊ.

परत मोजले. नऊ.

त्यानं सरळ पार्टवाल्याला फोन लावला.

"एक बोल्ट जास्त आलाय."

"माझ्याकडून जास्त? मी आठ दिलेत. तू माझा जावई आहेस का, फुकट द्यायला?"

"नऊ आहेत."

"चष्मा पूस आणि मोज."

त्यानं चष्मा पुसला. मोजले.

आठ.

*

मग सव्वातीन वाजले.

शेजारच्या शेडमध्ये लाकूड कापायचं यंत्र चालू होतं. धक्क्यावर कुणीतरी पत्रा ठोकत होतं. लांब कुत्रं भुंकत होतं. रोजचेच आवाज.

मिस्त्रीनं पहिला बोल्ट उचलला.

आणि सगळं थांबलं...

यंत्र थांबलं. पत्रा थांबला. कुत्रं थांबलं. दारातून समोर त्याला दिसत होतं, यंत्राचं पातं फिरतंय, भुसा उडतोय.

आवाज मात्र नाही.

मग डाव्या कानात...

ठक्. ठक्.

दोन ठोके. लोखंडावर लोखंड.

मिस्त्री जागच्या जागी थिजला. बोल्ट हातात. त्यानं उजव्या कानावर तळवा दाबला. चांगला कान बंद केला. आता त्याला काहीच ऐकू यायला नको होतं.

ठक्. ठक्.

अधिक जवळून.

त्यानं बोल्ट फडक्यावर ठेवला. टेकल्याबरोबर यंत्राचा कर्कश आवाज उजव्या कानात शिरला, पत्रा वाजला, कुत्रं भुंकलं. जणू काही झालंच नव्हतं.

त्यानं परत उचलला.

शांतता... ठक्. ठक्.

ठेवला.

आवाज.

माणूस घाबरला की पळतो. मिस्त्री पळाला नाही. तीस वर्षांची खोड. आवाज आला की तो कुठून येतो ते शोधायचं. त्यानं लाकडी दांडा घेतला, एक टोक ब्लॉकला टेकवलं आणि दुसरं, जन्मात पहिल्यांदाच, डाव्या कानाला.

ब्लॉक पोकळ होता. आत ना क्रँक, ना पिस्टन. लोखंडाची नुसती पेटी.

आतून पाण्याचा आवाज येत होता.

हळूहळू चढत जाणाऱ्या पाण्याचा...

*

तो बाहेर जाऊन उन्हात बसला. शेजारचा सुतार म्हणाला, "ऊन लागलं काय रे? तोंड बघ कसं झालंय, चुना लावल्यासारखं."

"ऊनच लागलं," मिस्त्री म्हणाला.

पण इंजिन द्यायचं होतं. वहिनींना शब्द दिला होता. तो परत आत आला. आता चार वाजले होते. त्यानं मन घट्ट करून काम धरलं. क्रँक बसवली. पिस्टन उतरवले. रॉड जागेवर आणले. बोल्ट हातानं फिरवून टेकवले. या वेळी काही झालं नाही. यंत्र ओरडत राहिलं, कुत्रं भुंकत राहिलं.

मग टॉर्क पाना. या पान्याला ताणाचा आकडा लावून ठेवायचा. बोल्ट हवा तेवढा आवळला की पाना 'कट्' करतो. तो कट् म्हणजे बोल्टाची जबान. आता मी धरलंय.

पहिला बोल्ट. कट्.

दुसरा. कट्.

तिसरा, चौथा, पाचवा. कट्, कट्, कट्.

सहावा राहू दिला, सातवा आणि आठवा आधी घेतले. का, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. कट्. कट्.

सहावा. म्हणजे तिसऱ्या रॉडचा दुसरा बोल्ट.

पाना फिरला.

आणखी फिरला...

कट् नाही.

आणखी पाव फेरा. बोल्ट लोण्यात फिरावा तसा फिरत होता. धरतच नव्हता. मिस्त्रीच्या तळहाताला ते कळलं. हा बोल्ट लांबतोय. आत्ता, हाताखाली, लांबतोय.

पण नवा बोल्ट असा लांबत नाही.

त्यानं तो उलटा फिरवून बाहेर काढला. बोल्ट ओला होता. थंडगार. त्यानं पुसला, खिडकीशी नेला आणि डोक्याकडून उजेडात धरला.

डोक्यावर मध्यभागी...

एक टिंब होतं.

*

आता ते खोटं.

दोनेक वर्षांपूर्वी दादाचं इंजिन बांधायला घेतलं तेव्हा आठ बोल्टांचा डबा आणला. त्यातल्या एकाचे आटे खराब निघाले. बदली यायला चार दिवस लागणार होते.

दादानं घाई केली नव्हती. कुणीच केली नव्हती. मिस्त्रीलाच चार दिवस थांबायचा कंटाळा आला होता. एवढंच.

त्यानं जुन्या आठांतून बरा दिसणारा एक उचलला. व्हर्निअर लावला. केसभर लांब भरला. केसभरच. चालून जाईल, तो मनाशी म्हणाला. तिसऱ्या रॉडला लावला. लावण्याआधी हातानं सवयीनं पंच उचलला आणि टोला मारला.

टिंब.

संध्याकाळी दादा आला. "बोल्ट सगळे नवे ना रे?"

"आठही नवे," मिस्त्री म्हणाला.

अपघातानंतर इंजिन त्यानं एकट्यानं उघडलं, शेडचं दार लावून. ब्लॉकच्या कुशीला हात जाईल एवढं भोक. तिसरा रॉड सुटलेला. रॉडमध्ये तुटलेल्या बोल्टाचा खालचा तुकडा अडकला होता, आट्यांचा. वरचा तुकडा, डोक्याचा, कुठेच नव्हता. भोकातून बाहेर पडून वाहून गेला असेल.

आट्यांचा तुकडा त्यानं काढला, मुठीत घेतला, धक्क्यावर गेला आणि नदीत टाकला.

दीड वर्ष तो एकाच गोष्टीच्या आधारावर झोपत होता.

दादाला कळलं नाही. दादा गेला, पण मी खोटं बोललो हे त्याला कधी कळलं नाही.

*

बुधवारी सकाळी वहिनी आल्या. हातात बटणं ठेवायचा लहान पत्र्याचा डबा.

मिस्त्री टेबलाशी उभा होता. आदल्या संध्याकाळी त्यानं तो टिंबाचा बोल्ट फडक्याच्या कोपऱ्यात वेगळा ठेवला होता. सकाळी येऊन पाहिलं तर तिथे बोल्ट नव्हता. फडक्यावर बोटाएवढा तांबेरी ओला डाग. आणि त्याच्या शेजारी नवे कोरे बोल्ट... इंजिनात सात लागलेले, फडक्यावर एक. सगळे मिळून आठ.

पाटीवर त्या ओळीत 'रॉडचे बोल्ट' एवढंच राहिलं होतं. पुढचा ८ ओल्या अंगठ्यानं पुसावा तसा पुसलेला.

"भावजी, तोंड का असं? रात्रभर जागलात?"

"नाही. बसा."

"बसत नाही. एक विचारायचं होतं. हसाल तर बघा."

त्यांनी डबा उघडला. आत कापसात काहीतरी होतं.

"हे ह्यांच्या मुठीत होतं. वर काढलं तेव्हा. मूठ सोडवायला दोन माणसं लागली म्हणे. इतके दिवस मी कुणाला दाखवलं नाही. इंजिनाचंच असणार ना हो? मला वाटलं, नव्या इंजिनात हे कुठे बसवता आलं तर... म्हणजे ह्यांचा हात लागलेलं काहीतरी आत राहील."

मिस्त्रीनं कापूस बाजूला केला.

बोल्टाचं डोकं. खाली बोटाच्या पेराएवढा दांडा. तुटलेलं टोक खेचून बारीक झालेलं.

डोक्यावर टिंब.

दादा खाली होता. धमाका झाला. ब्लॉकच्या भोकातून हा तुकडा त्याच्या पायाशी पडला. दादानं तो उचलला. आणि टिंब आहे तिथे जुनं, हे दादापेक्षा जास्त कुणाला माहीत?

पाणी चढेपर्यंत त्याच्याकडे वेळ होता.

त्यानं तो तुकडा टाकून दिला नाही. मूठ मिटली.

मिस्त्री खाली फरशीवर बसला. आणि बसल्या बसल्या त्यानं सगळं सांगितलं. आटे खराब निघालेला बोल्ट, चार दिवसांचा कंटाळा, केसभर, आठही नवे. धक्का. नदी. काल सव्वातीन. सगळं.

वहिनी उभ्याच होत्या.

त्यांनी त्या टिंबावर बोट टेकवलं. "टिंब का मारलंत? खोटंच बोलायचं होतं तर टिंब कशाला?"

"हाताची सवय, वहिनी."

"हात बरा म्हणायचा. हात तरी खरं बोलला."

मग त्या बसल्या. स्टुलावर, दादाच्या चपला घातलेले पाय जुळवून.

"त्या दिवशी आधी धमाका झाला. मग मला दोन ठोके ऐकू आले. थांब. मी थांबले." त्यांचा आवाज सपाट होता. "नांगर माझ्या पायाशी होता, भावजी. टाकला असता तर लाँच खांबावर गेली नसती. पण खालून सांगितल्याशिवाय वीस वर्षांत मी कधी काही केलं नव्हतं. मी एक ठोका यायची वाट बघत राहिले. खांब समोर दिसत होता आणि मी वाट बघत होते. दीड वर्ष मी समजतेय की ह्यांना मी मारलं."

मिस्त्रीनं फरशीवरून मान वर केली.

"आणि तुम्ही ते मला समजू दिलंत."

शेजारचं यंत्र सुरू झालं. कुणीच दचकलं नाही.

वहिनी उठल्या. पाटीपाशी गेल्या. खडू उचलला. "कुठे लिहू तुम्हाला? ठेवायचं... की बदलायचं?"

"बदला, वहिनी. दुसरा मिस्त्री मी स्वतः आणून देतो. माझ्यापेक्षा चांगला."

त्या पाटीकडे बघत राहिल्या. मग तिसऱ्या रकान्यात, 'ऑइल पंप'च्या खाली, त्यांनी लिहिलं.

*विचार करायचा:* ऑइल पंप. मिस्त्री.

"दुसरा नको," त्या खडूचा हात झटकत म्हणाल्या. "आता हे इंजिन तुमच्याइतकं घाबरून दुसरं कुणी बांधणार नाही. उठा. हात धुवा. ते सात पण बाहेर काढा. दुसरे आठ आणा. एकेक मला दाखवायचा आणि मग लावायचा."

त्यानं दुसरे आठ आणले. वहिनी दिवा धरून उभ्या राहिल्या. प्रत्येक बोल्टाचं डोकं त्यांनी अंगठ्यानं चाचपलं. आठ वेळा कट् झालं. आठवा कट् झाला तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते.

मिस्त्रीनं पंच उचलला नाही. उचलायचं कारणच नव्हतं.

*

पुढच्या मंगळवारी लाँच पाण्यात गेली. चाचणी. दोघंच.

आता खाली कुणी बसायला नको, असं मिस्त्रीनं ठरवलं होतं. इंजिनाचा वेग कमी-जास्त करायचे सगळे दांडे त्यानं वर सुकाणूपाशी आणले होते. खालचं झाकण लावून कडी घातली होती. जुना लोखंडी पाइप मात्र वहिनींनी काढू दिला नाही.

"असू दे. नडतोय का?"

दुपारचं ऊन. पाणी संथ. इंजिन असं चालत होतं की वर चहाचा कप ठेवला असता तर हिंदकळला नसता. मिस्त्री पुढे टोकाला उभा होता, लाकडी दांडा घेऊन. उजव्या कानानं ऐकत होता. सगळं ठीक. सगळं गोड.

खांब जवळ आला.

आणि नदीचा आवाज गेला...

इंजिनाचा गेला...

ठक्. ठक्.

मिस्त्री वळून ओरडणार तेवढ्यात इंजिन मंदावलं. वहिनींनी दांडा आधीच मागे ओढला होता. त्या त्याच्याकडे बघत होत्या. डोळे मोठे.

"तुम्ही ठोकलंत?"

मिस्त्रीनं दोन्ही हात वर केले. एका हातात लाकडी दांडा. दुसरा रिकामा. पाइप त्याच्यापासून सहा हात लांब होता.

या वेळी वहिनींनी वाट पाहिली नाही. त्यांनी नांगर उचलला आणि पाण्यात टाकला.

साखळी धडधडत खाली गेली. लाँच थांबली. खांब वीस हातांवर. पाणी त्याला वळसा घालून जात होतं.

दोघं उभे राहिले. एका ठोक्याची वाट बघत.

चल, एवढंच दादानं म्हणायचं होतं.

पाच मिनिटं. दहा. अर्धा तास.

मिस्त्रीनं खालची कडी काढली आणि उतरला. इंजिन मंद चालत होतं. तळ कोरडा. कुणी नाही. पाना भिंतीला टांगलेला.

फक्त पाइपवर, बसलेल्या माणसाचा हात जिथे पोहोचेल तेवढ्या उंचीवर... एक जागा ओली होती.

*

लाँच आता रोज चालते. इंजिन उत्तम आहे. मिस्त्रीनं दोनदा उघडून पाहिलं, दोन्ही वेळा आठही बोल्ट नवे घातले. जुने मोजले. आठच निघाले.

खांबापाशी रोज दोन ठोके येतात. प्रवाशांना ऐकू येत नाहीत. त्यांना वाटतं, बाईंची पद्धत आहे, तिथे घटकाभर थांबायचं. वहिनी दांडा मागे ओढतात, पाय नांगरावर ठेवतात, दहा श्वास मोजतात आणि मग स्वतःच पुढे घेतात. कुणी सांगितल्याशिवाय. तो पत्र्याचा डबा सुकाणूच्या शेजारी खिळ्याला टांगलेला असतो.

पाटीवरचं बाकी सगळं पुसलं गेलं आहे. तिसऱ्या रकान्यातला एक शब्द तेवढा आहे. मिस्त्री तो पुसत नाही. वहिनी येतात, बघतात, आणि त्याही पुसत नाहीत.

दर मंगळवारी तो लाँचवर जातो. खांब जवळ आला की खाली उतरतो आणि मेलेला कान पाइपला लावून बसतो. दोन ठोके होतात. तो थांबतो.

एक ठोका अजून आलेला नाही.